प्रश्न वाचकांचे : नेतृत्व शिबिराला जाताना आणि परत आल्यावर

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे युवा नेतृत्व प्रशिक्षण शिबिरांविषयी होती, म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. उत्तरे देताना पुस्तकी माहितीबरोबरच, आधी शिबिरार्थी आणि नंतर प्रशिक्षक म्हणून अशा शिबिरांत जे पाहिले, त्याचाही आधार घेतला आहे.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सात दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षण शिबिरासाठी महाविद्यालयाने माझे नाव सुचवले आहे. मी स्वभावाने अबोल आहे; चारचौघांत बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते. वर्गात इतकी बोलकी मुले असताना माझीच निवड का झाली, हे मला कळत नाही. तिथे माझे हसे तर होणार नाही ना? नकार कळवावा का?

उत्तर : नकार कळवू नका. त्याऐवजी ज्या प्राध्यापकांनी तुमचे नाव सुचवले त्यांच्याकडे जा आणि त्यांनी तुमच्यात काय पाहिले, हे सरळ विचारा. मिळणारे उत्तर बहुधा तुमच्या बोलण्याविषयी नसून, अंगावर घेतलेले काम तुम्ही तडीस कसे नेता, याविषयी असेल. आणि शिबिराला जाताना सोबत न्यावी अशी ती सर्वांत उपयुक्त माहिती आहे.

नेतृत्व म्हणजे वक्तृत्व, ही समजूत इतकी रुळलेली आहे की काही शिबिरांचे आयोजकही तिला बळी पडतात आणि सात दिवसांतले चार दिवस भाषणकलेवर घालवतात. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला तेव्हा मात्र चित्र वेगळे दिसले. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही अनेक शिबिरांत सांगितला जातो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी छंदमंडळे करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे देण्यात आली होती. काही मंडळांचा प्रौढ प्रमुख प्रत्येक गोष्ट हुकूम देऊन करवून घेत असे, काहींचा प्रमुख मुलांशी चर्चा करून काम ठरवत असे, तर काहींचा प्रमुख सगळेच मुलांवर सोडून बाजूला बसत असे. हुकूम देणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली कामाचा उरक चांगला होता. पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. चर्चेने काम ठरलेल्या मंडळात प्रमुख असो वा नसो, काम जवळजवळ तसेच चालू राही. सगळे मोकळे सोडलेल्या मंडळात ना धड काम झाले, ना मुले समाधानी राहिली. नेता खोलीबाहेर गेल्यावर आत काय होते, ही कसोटी लावली तर आवाजाची पट्टी अगदीच गौण ठरते.

एका शिबिरातला प्रसंग सांगते. संध्याकाळी वारा सुटला होता आणि प्रत्येक गटाला अंधार पडायच्या आत आपला तंबू उभा करायचा होता. एका गटातले दोन मुलगे मोठ्या आवाजात परस्परविरोधी सूचना देत होते. एक म्हणे आधी मधला खांब, दुसरा म्हणे आधी कडेच्या दोऱ्या. चार दिवसांत फारसे न बोललेली एक मुलगी खाली बसून खुंट्या मोजत होती. तीन कमी भरल्या. ती उठली, शेजारच्या गटाकडून तीन खुंट्या मागून आणल्या आणि एकेकाच्या हातात दोरी देत कोणी कुठे उभे राहायचे ते हळू आवाजात सांगितले. तंबू उभा राहिला. रात्रीच्या आढाव्यात ‘आज गट कोणामुळे सावरला?’ असे विचारल्यावर पाच जणांनी तिचे नाव घेतले, त्यात त्या दोघांपैकी एक होता. सर्वांत जास्त आश्चर्य तिलाच वाटले.

आता तुमच्यासाठी व्यवहारातल्या दोन गोष्टी. पहिली अशी की मोठ्या सभागृहाची धास्ती घेऊ नका, कारण चांगल्या शिबिराचे खरे काम सहा-आठ जणांच्या गटात चालते. ही पद्धत जुनी आहे. स्काउट चळवळीचे प्रणेते रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर भरवले, त्यात मुले वीसच्या आसपास होती. तरीही त्यांनी त्यांचे चार पथकांत विभाजन केले आणि प्रत्येक पथकाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर सोपवली. निरनिराळ्या सामाजिक थरांतली मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली होती. तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही एवढेच ठरवा की आपल्या लहान गटात एकदा तरी, एक प्रश्न का होईना, विचारायचा.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. अबोल माणसाच्या हातात गट लगेच वही देतो आणि ‘तू नोंदी घे’ म्हणतो. एक दिवस जरूर घ्या. नंतर मात्र वही पुढे सरकवा, कारण वहीमागे लपणे फार सोयीचे असते आणि मग सात दिवस कसे सरले ते कळतही नाही. गटनायकपद रोज बदलत असेल, तर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसासाठी आपले नाव स्वतः द्या. तोवर माणसे ओळखीची झालेली असतात, आणि चुकलेच तर दुरुस्तीला पुढचे दिवस हाताशी असतात.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून प्रथमच घराबाहेर आठवडाभर राहणार आहे. शिबिराचे माहितीपत्रक आकर्षक आहे, पण त्यात ‘शिस्त’ आणि ‘कणखरपणा’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात आणि माझ्या मनात पाल चुकचुकते. शिबिर चांगले आहे की नाही, हे पालकाने आधी कसे ओळखावे?

उत्तर : माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि दिवसाचे वेळापत्रक मागवा. त्यात व्याख्यानांना किती वेळ आहे, मुलांनी प्रत्यक्ष करायच्या कामाला किती आणि त्या कामावर बोलायला किती, हे पेन्सिलने मोजा. शेवटचा आकडा शून्य असेल तर ती सहल आहे. सहलीलाही माझी हरकत नाही, फक्त तिला सहल म्हणावे. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाची जी मांडणी केली, तिच्यात अनुभव हा चार टप्प्यांपैकी केवळ एक आहे: माणूस काही करतो, केलेल्याकडे वळून पाहतो, त्यातून काही समज तयार करतो आणि ती पुन्हा वापरून बघतो. नदी ओलांडणे, डोंगर चढणे, खेळ, नाटुकले हे सारे पहिल्या टप्प्यात संपते. पुढचे तीन टप्पे घडवून आणण्यासाठीच तर प्रशिक्षक लागतो.

कणखरपणाविषयी तुमची शंका रास्त आहे. कष्टाची शिबिरे मुळात वाईट नसतात. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी 1941 मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे तरुणांना साहसी अनुभवांतून घडवणाऱ्या ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी अनुभवी खलाशांच्या मानाने लवकर हार मानतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते आणि त्यावर उपाय म्हणून सुमारे महिन्याभराचा अभ्यासक्रम आखण्यात आला. तिथल्या कष्टांना नेमके प्रयोजन होते. म्हणून आयोजकांना विचारा की अमुक कसरत कशासाठी आहे आणि एखाद्या मुलीने ‘मला हे जमणार नाही’ म्हटले तर काय होते. ‘तिला दुसरी जबाबदारी देतो, दोर धरायला सांगतो, उद्या पुन्हा विचारतो’ असे उत्तर आले तर निश्चिंत व्हा. ‘आमच्याकडे असे कोणी म्हणतच नाही’ असे उत्तर आले तर मुलीला पाठवू नका.

बाकीचे प्रश्न साधे आहेत, पण संकोच न करता विचारावेत. रात्री मुलींच्या निवासाची जबाबदारी कोणत्या महिला प्रशिक्षकाकडे आहे, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, मुलीची औषधे कोणाकडे राहतील, फोन काढून घेणार असाल तर घरी बोलायची वेळ कोणती, आणि तक्रार करायची झाल्यास शिबिरप्रमुखाखेरीज आणखी कोणाकडे करता येईल. हे प्रश्न ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आयोजकाने तुमचे काम सोपे केले, असे समजा.

आणि एक विनंती तुम्हालाही. पहिल्या दोन रात्री मुलगी रडवेल्या आवाजात बोलली तर लगेच गाडी काढू नका. काय होते आहे ते नीट विचारा. घरची आठवण येत असेल तर धीर द्या, कोणाच्या वागण्याची भीती वाटत असेल तर मात्र क्षणाचाही विलंब लावू नका. या दोन रडण्यांतला फरक आईला किंवा वडिलांना आवाजावरून कळतो.

प्रश्न : आमच्या शिबिरात पहिल्याच दिवशी चार गट करून गुणफलक लावण्यात आला. सकाळच्या स्वच्छतेपासून रात्रीच्या कार्यक्रमापर्यंत प्रत्येक गोष्टीला गुण. तिसऱ्या दिवसापर्यंत गटागटांत बोलणे बंद झाले, एका गटाचे घोषवाक्य दुसऱ्याने फाडले, आणि प्रशिक्षक म्हणाले की यातूनच संघभावना तयार होते. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. गटाच्या आत एकी निर्माण होते. पण ती कुंपण घातलेली एकी असते.

मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथे उन्हाळी शिबिराच्या रूपात याच विषयावर प्रयोग केला. बावीस मुलांचे दोन गट केले होते. एकाने ‘रॅटलर्स’ तर दुसऱ्याने ‘ईगल्स’ असे नाव घेतले. बक्षिसासाठी सामने सुरू होताच शिवीगाळ झाली, झेंडा जाळला गेला, एकमेकांच्या झोपड्यांवर रात्री छापे पडले. पुढे दोन्ही गटांना नुसते एकत्र बसवून किंवा चित्रपट दाखवून काहीच साधले नाही. फरक पडला तो दोघांचीही अडचण एकच झाली तेव्हा. शिबिराचे पाणी बंद झाले आणि टाकीपासूनची वाहिनी सगळ्यांनी मिळून तपासावी लागली. ट्रक सुरू होईना, तेव्हा रस्सीखेचीचा दोर ट्रकला बांधून दोन्ही गटांनी एकत्र ओढला. आदल्या आठवड्यात परस्परांविरुद्ध ओढलेला दोर आता एका बाजूने ओढला गेला! या अडचणी संशोधकांनी मुद्दाम घडवून आणल्या होत्या.

हा प्रयोग सांगताना एक गोष्ट सहसा गाळली जाते. शेरीफ यांनी आदल्या वर्षी, 1953 मध्ये, असाच प्रयोग दुसरीकडे करून पाहिला होता आणि तो अर्ध्यात सोडावा लागला, कारण गट पाडण्यापूर्वी मुलांची आपसांत मैत्री झाली होती आणि ती हवी तशी भांडेनात. शिवाय आपल्यावर प्रयोग चालू आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते. आज कोणी असे करू धजणार नाही. तरीही तुमच्या प्रशिक्षकांना या दोन्ही वर्षांतून शिकण्यासारखे आहे. गट पाडण्याआधी एक पूर्ण दिवस सर्वांना सरमिसळ काम करू द्यावे, आणि गुणफलक लावायचाच असेल तर चारही गटांवाचून पुरे होणार नाही असे एक मोठे काम शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवावे.

एवढ्यावरून सगळ्याच भांडणाला वाईट म्हणू नका. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये लहान गटांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन असे दाखवले की बहुतेक गट ओळख, खटके, रीत बसणे आणि मग काम, अशा टप्प्यांतून जातात. गटाच्या आत, कामावरून उडालेला खटका निरोगी असू शकतो. घोषवाक्य फाडणे हा त्यातला प्रकार नव्हे.

प्रश्न : एका सत्रात सर्वांना गोल बसवून आयुष्यातली सर्वांत दुःखद घटना सांगायला लावली. माझी पाळी आल्यावर मी नकार दिला. प्रशिक्षक म्हणाले, ‘जो स्वतःला उघडे करू शकत नाही तो नेता होऊ शकत नाही.’ त्यानंतर सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. माझे चुकले का?

उत्तर : तुमचे मुळीच चुकले नाही. चुकले प्रशिक्षकांचे, आणि ते साधे चुकले नाही.

असे सत्र घेणारे लोक एका चांगल्या परंपरेचे मोडके टोक हातात धरून बसलेले असतात, म्हणून ती परंपरा सांगते. 1946 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी एक प्रशिक्षण घेत होते. दिवसभराच्या गटचर्चांत कोण कसे वागले, याच्या नोंदींवर प्रशिक्षक आणि निरीक्षक संध्याकाळी आपसांत बोलत. एके दिवशी काही प्रशिक्षणार्थींनी आम्हीही बसू का, असे विचारले. बसल्यावर आपल्याविषयीची नोंद ऐकून त्यांच्यापैकी एकीने ती खोडून काढली, दुसऱ्यांनी भर घातली, आणि त्या वादावादीतून सगळेच दिवसभराच्या चर्चांपेक्षा अधिक शिकले. पुढच्या संध्याकाळी बाकीचेही आले. लेविन 1947 च्या फेब्रुवारीत वारले, पण त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल गावी याच धर्तीची प्रशिक्षणे सुरू झाली, आणि शिबिरातला ‘अभिप्राय’ नावाचा प्रकार तिथून जगभर गेला.

त्या खोलीत कशावर बोलणे झाले, हे पाहा. सर्वांच्या समोर, त्याच दिवशी, त्याच गटात घडलेल्या वागण्यावर. ‘तुम्ही माझे वाक्य दोनदा तोडलेत’ हा अभिप्राय आहे. तो ऐकणाऱ्याला उद्या वेगळे वागता येते. कोणाच्या बालपणातले दुःख तीस अनोळखी माणसांपुढे मांडायला लावणे, तेही सत्रानंतर त्या माणसाला कोण सावरणार याची काहीही व्यवस्था नसताना, हा अभिप्राय नव्हे. रडणारी मुले पाहून सत्र ‘खोल’ झाले असे मानणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्याच मुलांपैकी एकजण रात्री दोन वाजता व्हरांड्यात एकटा बसलेलाही पाहिला आहे. सर्वांचा दबाव असतानाही तुम्ही नाही म्हणालात. शक्य असल्यास आयोजक संस्थेला शांत भाषेत पत्र लिहा, म्हणजे पुढच्या तुकडीत असे घडायला नको.

प्रश्न : शिबिराच्या प्रमाणपत्राचा नोकरीसाठी किती उपयोग होतो?

उत्तर : फार थोडा. मुलाखतीत ‘तिथे तुम्ही काय केलेत?’ या प्रश्नाला तुमच्याकडे दोन मिनिटांचे नेमके उत्तर असेल तर उत्तराचा उपयोग होतो, कागदाचा नव्हे.

प्रश्न : शिबिरातून परतताना मी अक्षरशः भारावलेला होतो. आमच्या मंडळात आल्या आल्या मी साप्ताहिक बैठक, कामाची वाटणी, आढावा असे सगळे बदल सुचवले. मंडळी हसली. ‘शिबिराचे वारे आहे, उतरेल आठ दिवसांत,’ असे एकाने म्हटले, आणि खरेच महिन्याभरात माझा उत्साह ओसरला. सगळे वाया गेले का?

उत्तर : वाया गेले नाही, पण घाई झाली. तुम्ही सात दिवस एका वेगळ्या जगात होता. तिथे सगळे जण त्याच वेळी तेच शिकत होते आणि नवे शब्द सर्वांनाच कळत होते. मंडळातली माणसे त्या आठवड्यात आपापल्या कामात होती. त्यांच्या दृष्टीने काल गेलेला मित्र आज वेगळीच भाषा बोलत आला आणि आल्या आल्या त्यांच्या जुन्या रीतीतल्या चुका दाखवू लागला. ती हसली नसती तरच नवल.

या बाबतीत खरे तर पाठवणाऱ्या संस्थांनाही दोष दिला पाहिजे. एकाच माणसाला पाठवायचे, परत आल्यावर पाच मिनिटांचे मनोगत घ्यायचे, टाळ्या वाजवायच्या आणि त्याच्या हाती कोणतेही काम द्यायचे नाही, ही पद्धत सर्रास आहे. दोघांना पाठवले तर परतल्यावर निदान एक जण दुसऱ्याला आठवण देतो. आणि जाण्यापूर्वीच ‘परत आल्यावर अमुक उपक्रम तुमच्याकडे’ असे ठरले, तर शिबिरातले प्रत्येक सत्र माणूस त्या कामाच्या नजरेने ऐकतो. तुमच्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना हे पुढच्या वर्षासाठी जरूर सुचवा.

सध्या तुम्ही ‘शिबिर’ हा शब्दच काही दिवस उच्चारू नका. शिकलेल्यापैकी एकच गोष्ट निवडा आणि ती कोणाची परवानगी लागणार नाही इतकी लहान करा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये असे मांडले की ‘मी हे करणार’ असा मोघम निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ असे प्रसंगाला बांधून ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. तुमच्या बाबतीत ते असे असू शकेल: बैठक संपून लोक उठू लागले की मी फक्त ‘मग हे कोण करणार आणि कधीपर्यंत?’ एवढेच विचारीन, आणि उत्तर वहीत लिहीन. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला ते वाचून दाखवा. त्यावर टीका नको, आवाज चढवणे नको. तीन-चार बैठकांनंतर एखाद्या दिवशी तुम्हाला यायला उशीर होईल, तेव्हा दुसरेच कोणी तो प्रश्न विचारते का, ते नंतर कोणाकडून तरी जाणून घ्या आणि मला कळवा.